जमिनीपासून वीतभर

साहेब, ती खिडकी तुम्ही चोरलीत. चोरी हा शब्द लागतो, मला माहीत आहे. लागावा म्हणूनच लिहिलाय. ‘वळती केली’, ‘अन्यत्र उपयोगात आणली’ असले शब्द तुमच्याकडे पोत्यानं आहेत, ते तुमच्या फायलीत सुखात राहू द्यात. मी लोखंड कापणारा माणूस. कापलं तर कापलं म्हणतो.

अकरा वर्षं झाली. माघाचा महिना, सोमवार, सकाळचे नऊ वाजलेले. हिंगणमाळावर मोटारसायकल लावली आणि सात नंबरच्या घराचं दार ढकललं, तर आत धुळाप्पा कोळेकर एका पायावर उभा. दोन्ही हातांनी भिंत धरलेली, टाच उचललेली, हनुवटी खिडकीच्या चौकटीवर टेकवलेली. ऑपरेशन झालेला पाय बगळ्यासारखा वर.

“या मिस्त्री, या,” कोपऱ्यातून ठकुबाई म्हणाली. “तुमी साक्षीला आलासा बरं झालं. सकाळपास्नं ही सातवी बारी.”

“पाचवी,” धुळाप्पा म्हणाला. मान वळवली नाही.

“सातवी. दोनदा मी पाण्याला गेल्ते तवा उठला असाल की.”

धुळाप्पा गप्प बसला, म्हणजे सातवीच असणार.

हिंगणमाळावर बारा घरं. माळावर पालं टाकून राहणाऱ्या बारा मेंढपाळांना योजनेतून मिळालेली. शेडमध्ये अख्खं घर तयार करायचं, ट्रकवर चढवायचं, क्रेननं जागेवर ठेवायचं. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, लोखंडी सांगाडा आणि दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेल्या भिंती. लोक त्याला डबा म्हणत. निकमशेठच्या शेडमध्ये हे बाराही डबे माझ्या हाताखालून गेले. प्रत्येकाला एक दार आणि एक खिडकी. खिडकी दोन फूट बाय दोन फूट, जमिनीपासून साडेचार फुटांवर.

त्याच शेडमध्ये आम्ही दुसरेही डबे बनवायचो. पुण्या-मुंबईच्या लोकांच्या फार्महाउससाठी. सांगाडा तोच, माप तेच, वीस बाय दहा. फरक एवढाच, की त्यांच्या लांबीच्या भिंतीत सलग दहा फूट काच. शेठच्या रंगीत पत्रकावर तिला पॅनोरमिक विंडो म्हटलेलं. शनिवारी यायचं, गादीवर लोळायचं आणि लोळता लोळता बाहेरचा माळ बघायचा. त्या पत्रकातल्या चित्रात काचेपलीकडं मेंढरं चरत होती. मेंढरं बघणाऱ्याला दहा फूट काच आणि मेंढरं राखणाऱ्याला दोन फूट. हा हिशेब कुणाच्या डोक्यातून निघाला असेल ते असो.

मला शेठनं पाठवलं होतं सात नंबरचं दार घासतंय म्हणून. गुरुवारी तुमची तपासणी होती. तिसरी आणि शेवटची. ज्या घरात माणूस राहताना दिसणार नाही ते घर क्रेननं उचलून दुसऱ्या गावाला द्यायचं, असा तुमचा कागद होता. पहिल्या दोन तपासण्यांना सात नंबर रिकामं सापडलं होतं.

“रिकामं का होतं?” मी दाराची बिजागरी सोडवत विचारलं.

“ह्यांनाच इचारा,” ठकुबाई म्हणाली. “भाईर घोंगडीवर झोपत्यात. घर दिलंय सरकारनं, आन् धनी भाईर.”

“भाईरनं मेंढरं दिसत्यात,” धुळाप्पा म्हणाला.

“आन् जखमंत माती जाती ती?”

मग तिनं मला सगळं सांगितलं. दिवाळीनंतर धुळाप्पा ताल, म्हणजे शेताचा उंच बांध, चढताना घसरून पडला, मांडीचं हाड मोडलं. तालुक्याच्या डॉक्टरनं आत सळई घातली आणि बजावलं, तीन महिने पाय जमिनीला लावायचा नाही आणि जखम धुळीत न्यायची नाही. बाहेर माळावर झोपला, जखम चिघळली, पुन्हा दवाखाना. म्हणून तिनं पंधरा दिवसांपूर्वी ओढून त्याला आत आणला. तर आत आल्यापासून हे असं. लेक बिरु मोठा कळप घेऊन कृष्णाकाठाला गेलेला. माळावर राहिलेली तीसेक मेंढरं, गाभण आणि कोकरंवाली, आणि एक एडका. सून आणि ठकुबाई त्यांचं बघत होत्या, पण धुळाप्पाच्या डोळ्यांचं काय करायचं. साठ वर्षं ज्या डोळ्यांनी दुसरं काही केलं नाही, त्यांना पत्र्याच्या भिंतीकडं बघत पडायला सांगितलेलं. अर्ध्या-पाऊण तासानं हा माणूस भिंतीला धरून उठायचा आणि खिडकीला हनुवटी लावायचा.

“डॉक्टर काय म्हणला ते सांगा की मिस्त्रींना.”

“काय म्हणतोय. सळई हलली म्हणतोय.”

“आन् पुढं?”

धुळाप्पा हळूहळू भिंतीवरून घसरत खाली बसला. बसताना चेहरा असा झाला की मी बिजागरीकडं बघितलं.

“पुढं म्हणला, आता हलली तर पाय ऱ्हात न्हाई. ह्या वयात दुसऱ्यांदा फाडता यायचं न्हाई.”

“मग नका उठू धुळाप्पा,” मी म्हणालो.

“मिस्त्री, तुमी वेल्डिंग करताना डोळं झाकून करता का?”

“नाही.”

“मग मला का सांगता?”

लांडग्यांचा माळ आहे तो. दिवसाढवळ्या कोकरू उचलतात, मी बघितलंय. ठकुबाईनं मेंढीच्या दुधाचा चहा आणून ठेवला. मी तो जमिनीवर बसून प्यालो, कारण त्या घरात खुर्ची नव्हती. बसलो, आणि पहिल्यांदा ती खिडकी खालून बघितली. माझीच बनवलेली. खालून तिच्यात आभाळाचा एक चौकोन दिसत होता, दुसरं काही नाही. ना माळ, ना मेंढरं, ना वाट. बारा घरांत बारा वेळा मी ती साडेचार फुटांवर बसवली होती, उभ्यानं, माझ्या छातीच्या मापानं. ह्या लोकांत जेवण खाली, निजणं खाली, पाहुणा आला तर घोंगडी खाली. दिवसभर जमिनीवर राहणाऱ्या माणसासाठी मी उभ्या माणसाची खिडकी केली होती.

“धुळाप्पा, जरा पडा बघू,” मी म्हणालो. “रोज पडता तसं.”

“कशापायी?”

“पडा तर.”

तो पडला, डोक्याखाली घडी घातलेली घोंगडी. मी त्याच्या डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर खिळ्यानं ओरखडा काढला. मग हाताच्या वितीनं खालून मोजलं. वीत आणि वर चार बोटं.

“काय करतायसा?” ठकुबाईनं विचारलं.

“माप घेतोय.”

“ह्यांचं?” ती म्हणाली. “इतक्यात नगा घिऊ वो.”

धुळाप्पा हसला. हसताना सळई दुखली असणार, तरी हसला.

शेडमध्ये एक काच पडून होती. दहा फूट बाय चार फूट, दोन थर चिकटवलेली, जाडजूड. उजव्या खालच्या कोपऱ्यात बोटभर ओरखडा, म्हणून गिऱ्हाइकानं परत पाठवलेली. कोणत्या गिऱ्हाइकानं ते सांगतो, जरा थांबा. तीन महिने ती भिंतीला टेकून उभी होती आणि शेडमधले लोक तिच्यात बघून भांग पाडायचे. मी शेठला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता आणि मग मला त्याचं म्हणणं तोंडावर मोडावं लागलं असतं. न विचारता नेली, तेवढा त्याचा मान राखला.

मंगळवारी सकाळी टेंपोतून काच हिंगणमाळावर आली. उतरवायला आजूबाजूच्या घरांतले चौघे धावले. मी ग्राइंडर लावून भिंत कापायला घेतली तेव्हा ठकुबाई दारात कमरेवर हात देऊन उभी राहिली.

“मिस्त्री, गुरवारी सायेब यायचा हाय, आन् तुमी भित फाडताय.”

“फाडतोय.”

“घर जाईल आमचं.”

“घर राहिलं आणि पाय गेला तर काय करता?”

तिनं आत धुळाप्पाकडं बघितलं. तो कान बंद करून पडला होता, ग्राइंडरच्या आवाजानं. मग ती म्हणाली, “नीट कापा. पत्र्याच्या कडा हातात नगा भरवू,” आणि सुनेला हाक मारून ठिणग्या पडतील तिथला कडबा हलवायला लावला.

दुपारी तीनला काच चौकटीत बसली. खालची कड जमिनीपासून बरोबर वीतभर. मी फडक्यानं पुसली आणि बाजूला झालो. माळ एकदम घरात आला. वाघरीची जाळी लावलेली, तिच्या आत कोकरं, पलीकडं चरणारी मेंढरं, बोरीची दोन झाडं, लांब ओढ्याची रेघ आणि वरती सगळं उघडं. धुळाप्पा पडल्या पडल्या बघत राहिला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल.

“ती पांढऱ्या कानाची लंगडतीया,” तो म्हणाला. “ठके, तिच्या खुरात काटा हाय. सुनंला सांग.”

सून गेली, मेंढी धरली, खूर उचललं. बोराचा काटा निघाला.

“दोन दीस मी रोज बघतीया,” ठकुबाई म्हणाली, “मला दिसला न्हाई.”

“तुला उभ्यानं दिसत न्हाई. मेंढराचं दुखणं खालनंच दिसतं.”

“बरं, आता लुगडं कुठं नेसायचं तेवढं सांगा. सगळा माळ घरात बघतोय.”

“मेंढरांची कसली लाज.”

“मेंढरांची न्हाई, तुमच्या पाव्हण्यांची.”

मी अर्ध्या खिडकीला तार बांधून दिली. तिनं तिच्यावर जुनं लुगडं टाकलं, सरकवायला येईल असं. मी सामान आवरून निघालो आणि त्या रात्री पोटभर जेवून झोपलो.

बुधवारी सकाळी बारा नंबरचा म्हाकू फोनवर म्हणाला, “मिस्त्री, लगीच या. एडका घर पाडतोय.”

गेलो. काळ्या नावाचा तो एडका, धुळाप्पाच्या कळपाचा मालक म्हणा, काचेपासून वीस पावलांवर खाली मान घालून उभा होता. काचेत त्याला दुसरा एडका दिसत होता. तोही मान खाली घालून उभा. आपल्या माळावर, आपल्या मेंढ्यांसमोर, कोण हा. काळ्या धावला. धाड. चौकटीचे स्क्रू किर्रर्र झाले, काच टिकली. काळ्या मागं सरला, डोकं झाडलं. समोरचाही मागं सरला. डोकं झाडलं. काळ्याचा अपमान वाढला.

“सकाळपास्नं किती?” मी विचारलं.

“नऊ,” धुळाप्पा म्हणाला.

“अकरा,” ठकुबाई म्हणाली.

आजूबाजूची माणसं जमली होती आणि हसून हसून खाली बसत होती. मला हसू येत नव्हतं. खालच्या बाजूनं चौकट बोटभर आत गेलेली, अजून दहा धडका बसल्या तर काच सुटून सरळ धुळाप्पावर. उद्या तुम्ही येणार.

“बाहेरून घोंगडी टाकू,” मी म्हणालो.

“मग मी काय बघू? घोंगडी?”

“खालचा पट्टा चुन्यानं रंगवू. एडक्याच्या डोळ्यापुरता.”

“एडक्याचा डोळा आन् माझा डोळा एकाच उंचीवर हाय मिस्त्री,” धुळाप्पा म्हणाला. “त्याला दिसंना केलं की मलाबी दिसंना.”

“मग त्याला बांधा.”

“आज त्याला बांधला, उद्या त्याची पोरं हाईत की. ती बघा, तिघं हाईत. वरसाभरात शिंगं येत्यात. किती जणांना बांधू?”

मी डोक्याला हात लावून बसलो. काळ्यानं आणखी एक धडक दिली. धुळाप्पा एका कोपरावर उठून काचेकडं बघत होता, पण मेंढरांकडं नाही, काचेकडं.

“मिस्त्री, मेंढरू डबक्यावर पाणी प्यायला जातं. त्याला लांबनं पाण्यात आपलं तोंड दिसतं का?”

“नाही.”

“काय दिसतं?”

“आभाळ.”

“तोंड कवा दिसतं?”

“वरून वाकल्यावर.”

“म्हंजी सामोरं आलं तर तोंड, तिरकं पडलं तर दुसरंच कायबाय. ही तुमची काच सामोरी हुबी केलीया तुमी. पैलवानासारखी. तिला जरा वाकवा की. त्याला आभाळ न्हाईतर माती दाखवा, तोंड कशाला दाखवता?”

वीस वर्षं काच बसवणारा मी. मला सुचलं नव्हतं. मेंढरं राखणाऱ्यानं ते पडल्या पडल्या सांगितलं.

दुपारपर्यंत चौकट सोडवली. वरची कड आहे तिथं ठेवली, खालची कड दहा इंच घरात ओढली, दोन्ही बाजूंना पत्र्याचे त्रिकोण जोडले. आता काच वरून बाहेर झुकलेली, बाहेर उभं राहिलं की तिच्यात समोरची माती दिसे. तोवर बांधून ठेवलेल्या काळ्याला सोडला. तो आला, मान खाली घातली, थांबला. काचेकडं बघितलं. माती. डावीकडं गेला. माती. उजवीकडं गेला. मग त्यानं आजूबाजूला असं बघितलं, जणू दुसरा पळून गेला आणि मी जिंकलो. ताठ चालत मेंढ्यांत गेला.

“दहा इंच खोली खाल्ली तुमी,” ठकुबाई म्हणाली. “पिठाचा डबा कुठं ठिवू?”

“माझ्या उशाला ठिव,” धुळाप्पा म्हणाला. “मी कुठं जातोय आता.”

त्या दोन दिवसांत तो एकदाही उठला नव्हता. हे तिच्या ध्यानात आलं आणि माझ्याही. खिडकीखाली बाहेरच्या बाजूला जी वळचण तयार झाली होती तिच्या सावलीत संध्याकाळी तीन कोकरं येऊन बसली, काचेला पाठ लावून.

गुरुवारी तुम्ही आलात.

जीपमधून तुम्ही उतरलात आणि तांबोळी मॅडम, तुमच्या हाताखालच्या इंजिनिअर, फाइल घेऊन. तुम्हाला आठवत नसेल म्हणून सांगतो, तुम्ही दारातच थांबलात. आत यायला बूट काढावे लागले असते. मॅडमनी चपला काढल्या, आत आल्या, ठकुबाईनं टाकलेल्या घोंगडीवर बसल्या. बसल्यावर त्यांची नजर खिडकीतून बाहेर गेली आणि त्या फाइल उघडायची विसरल्या.

“हे काय केलंय?” तुम्ही म्हणालात. “नमुन्यात बदल. हे घर रद्द होणार.”

“रद्द म्हंजी?” धुळाप्पानं विचारलं.

“उचलून नेणार.”

“माझ्यासकट का?”

मॅडमनी तोंडावर फाइल धरली.

“भिंत कुणी कापली?”

“मी,” मी म्हणालो.

“कुणाच्या परवानगीनं?”

“ह्यांच्या.” मी धुळाप्पाकडं बोट केलं. “घर त्यांचं आहे.”

तुम्ही बाहेरच्या बाजूनं फिरून काचेपाशी गेलात. कोकरं उठून पळाली. तुम्ही वाकून काच बघत होतात, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यावर तुमचं बोट थांबलं. बोटभर ओरखडा. मी आतून बघत होतो. बोट तिथून हललंच नाही.

तुम्ही दारात परत आलात आणि विचारलंत, “ही काच कुठून आणली?”

“ओळखलीत ना साहेब?” मी म्हणालो.

आता सांगतो ते गिऱ्हाईक कोण. हिंगणमाळाच्या बारा घरांसाठी बारा काचा मंजूर झाल्या होत्या, दहा बाय चारच्या. त्या शेडमध्ये आल्या तेव्हा प्रत्येकीवर खडूनं ‘हिंगणमाळ’ आणि घराचा नंबर मी माझ्या हातानं लिहिला होता. पंधरा दिवसांनी शेठनं सांगितलं, काचा दुसरीकडं जायच्या आहेत, नवा नकाशा आलाय. दुसरीकडं म्हणजे तलावावरचं तुमचं विश्रामगृह. तिथल्या व्हरांड्याला काचा हव्या होत्या, वरून कुणी मोठं येणार होतं. ओल्या फडक्यानं खडू मीच पुसला. एक ते बारा. अकरा काचा मीच बसवल्या. बारावी तुम्ही परत पाठवलीत, ओरखडा आहे म्हणून. तिच्यावर सात लिहिलेलं होतं की नऊ, ते मला आठवत नाही. पण माहीत सगळं होतं. गप्प बसलो, मजुरी घेतली आणि बारा डब्यांना दोन बाय दोनची भोकं पाडली. तुमच्या चोरीत माझे हात होते साहेब. म्हणूनच मला चोरी शब्द लिहिताना लाज वाटत नाही, निम्मा तो मी स्वतःला लिहितोय.

हे सगळं मी त्या दिवशी, त्या घरात, तुमच्या तोंडावर बोललो. धुळाप्पा ऐकत होता. ठकुबाईच्या हातात चहाचे कप होते, ते तसेच राहिले.

“पुरावा आहे?” तुम्ही म्हणालात.

माझ्याकडं कसला पुरावा. खडू तर मीच पुसलेला.

तेव्हा मॅडमनी फाइलचं पान उलटलं. मग दुसरं. आणि शाळेत धडा वाचतात तशा आवाजात म्हणाल्या, “सर, मंजूर नकाशात खिडकी दहा बाय चारचीच आहे. दोन बाय दोनचा कागद वरून टाचलाय. त्याच्यावर मंजुरीची तारीख नाही.”

“मॅडम, ते आपण ऑफिसात बघू.”

“हो सर. मी फक्त एवढंच म्हणते, की मंजूर नमुन्याप्रमाणे असलेलं बारातलं हे एकच घर आहे.”

बाहेर काळ्या शिंकला.

“तिरकी नाहीये नकाशात,” तुम्ही म्हणालात.

“तिरकी नको असंही लिहिलेलं नाही, सर.” मॅडमनी पेन काढलं आणि धुळाप्पाकडं वळल्या. “आजोबा, तुम्ही ह्या घरात राहता का?”

“ऱ्हात न्हाई,” धुळाप्पा म्हणाला. “लोळतो.”

“लिहा बाई, ऱ्हात्यात,” ठकुबाई म्हणाली. “दोन दीस झालं, एक डाव उठलं न्हाईत. चाळीस वरसांत असं झालं न्हवतं.”

मॅडमनी लिहिलं. तुम्ही जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केलीत, चहा न घेता. तो तुमच्या वाटणीचा कप मी प्यालो.

सहा महिन्यांत तांबोळी मॅडमची बदली झाली. शेठनं मला काढलं, पण महिन्याभरानं पुन्हा बोलावलं, कारण तिरकी काच बसवून मागणारी फार्महाउसची गिऱ्हाइकं यायला लागली होती. ऊन डोळ्यात येत नाही म्हणतात. शेठच्या पत्रकात त्याचं काहीतरी इंग्रजी नाव आहे. धुळाप्पाचं नाव कुठं नाही.

धुळाप्पाची सळई जागेवर बसली. चैत्रात तो काठी टेकत वाघरीपर्यंत गेला, आणि परत येऊन म्हणाला की मेंढरं उभ्यानं काही खास दिसत नाहीत. मागच्या महिन्यात मी हिंगणमाळावर जाऊन आलो. सत्तरीच्या पुढं गेलाय, पाय धड आहे, पण दुपारी खिडकीशी पडायची सवय काही सुटलेली नाही. ठकुबाई काचेपाशी बसून शेंगा फोडत होती आणि वाटेनं कोण कुणाकडं चाललंय ते त्याला सांगत होती. तो मेंढरांचं तिला सांगत होता. दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हते. मी तासभर बसलो. दोनदा चहा झाला. बरं वाटलं.

बाकीच्या अकरा घरांत कडबा भरलेला आहे. माणसं बाहेर, पालात. तुमच्या कागदावर ती घरं राहती आहेत.

आणि ह्या आठवड्यात नव्या चाळीस घरांची निविदा निघाली. नकाशा जोडलाय, शेठकडं आला, मी बघितला. खिडकी दोन बाय दोन, जमिनीपासून साडेचार फूट. खाली तुमची सही, आता हुद्दा मोठा झालाय. तेव्हा साहेब, एकच विचारतो आणि ह्याचं उत्तर मला लेखी हवंय. हा नकाशा काढण्याआधी तुम्ही बूट काढून, जमिनीवर, कुणाच्या घोंगडीवर जाऊन बसलात? त्या माणसाचं नाव आणि गाव कळवा. मी त्याला जाऊन विचारणार आहे, साहेबांना तिथून काय दिसलं?